दाणा अडकेल एवढी फट

माय,

आबांना दात आले. वरचे, खालचे, सगळे. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझं तुला माहीत आहे, मी सांगायला बसतो एक आणि पोचतो भलतीकडे. शाळेत गाईवर निबंध लिहायला बसलो की गाय सुटून जायची आणि मी तिच्या मागे. तू गेलीस तेव्हा मी चौथीत होतो. आता मला दाढी आहे, आणि दाढी आल्यापासून मी कुठं एका जागी टिकलेलो नाही. नवापूरला कोंबड्यांच्या शेडवर होतो, मग सुरतेला साड्यांच्या गोदामात, मधे तळोद्याहून डोंगरात जाणाऱ्या जीपच्या मागं लोंबकळून भाडं गोळा करायचो. डोंगरातल्या एका गावात तर रस्ता संपतो तिथं जीप वळवायला जागा नाही म्हणून ती उलटीच खाली आणावी लागते, आणि उलटं उतरताना सातपुडा असा हळूहळू आपल्यापासून लांब जाताना दिसतो की वाटतं आपण स्वप्नातून बाहेर पडतोय. पण ते राहू दे. दातांचं सांगत होतो.

गेल्या दिवाळीनंतर मी घरी आलो. येतो म्हणून कळवलं नव्हतं. फाट्यावर उतरलो आणि आपल्या कपाशीच्या बाजूनं चालत निघालो. ऊन कललेलं, बोंडं फुटलेली, सगळं वावर पांढरं. बांधावर आबा उभे होते, माझ्याकडे पाठ करून, विहिरीकडे तोंड. मी हाक मारणार तेवढ्यात पाहिलं की ते काहीतरी करतायत. मान थोडी वर, छाती भरून श्वास, आणि मग फू. थांबायचे. परत फू. म्हटलं म्हाताऱ्याला दम लागलाय. मग एकदा त्यांनी फारच जोर लावला आणि तोंडातून काहीतरी उडून कपाशीत पडलं. ती त्यांची कवळी होती. दोन-तीन वर्षांपूर्वी कुठूनतरी करून आणलेली, तोंडात कधीच नीट न बसलेली. मी जवळ गेलो तेव्हा आबा वाकून झाडांच्या बुडाशी चाचपडत होते.

"काय दखी ऱ्हायनात आबा?"

"कापूस," ते म्हणाले. दात नसलेल्या तोंडानं कापूस म्हणता येत नाही, तो हवेतच फुटतो. मला हसू आलं, त्यांनाही आलं, आणि मग आम्ही बापलेक पांढऱ्या वावरात पांढरे दात शोधत बसलो. सूर्य बुडायला आला तेव्हा सापडले. एका फुटलेल्या बोंडाच्या शेजारी पडले होते, जणू तिथंच उगवलेत.

विचारायची गरज नव्हती, ती फू कशाची होती ते मला त्या पांढऱ्यातच कळलं होतं. तुझं नाव आबांनी कधी घेतलं नाही, तू त्यांचं घेतलं नाहीस, आपल्याकडे ते घेतच नाहीत. बाकीचे लोक मग पोराच्या नावानं हाक मारतात, नाहीतर 'आयकं का' म्हणतात. आबा शिट्टी वाजवायचे. बोटं न लावता, समोरच्या दोन दातांमधल्या फटीतून, आधी खालचा सूर आणि मग एकदम वर. ती शिट्टी वावराच्या या टोकाकडून विहिरीपलीकडे जायची. बाया निंदता निंदता हसायच्या. म्हणायच्या, जाय वं, तुन्ही गाडी उनी. जा, तुझी गाडी आली. आणि तू लगेच कधीच गेली नाहीस. हातातली पात संपवायचीस, ओळीतल्या शेवटच्या रोपापर्यंतचं गवत काढायचीस, विळा कमरेला खोचायचीस, मग विहिरीजवळच्या कडुलिंबाखालून सावकाश चालत यायचीस. आबा तोवर उभे. दुसऱ्यांदा शिट्टी वाजवलेली मला आठवत नाही.

तू गेल्यावर ती शिट्टी माझ्या वाट्याला आली. मी नदीकडे, मी चिंचेवर, मी कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर बसून तिसऱ्याच गावाला, आणि संध्याकाळी शिट्टी. मी यायचो. पुढं हिरड्या गेल्या, दात हलायला लागले, एकेक करून पडले, आणि मी तेव्हा सुरतेत साड्यांच्या पिना काढत होतो. दात गेले तशी फटही गेली. म्हणजे बघ, फट ही दोन दातांची असते. एरवी ती दिसते तेव्हा वाटतं, तिथं काहीच नाही.

नंदुरबारला दातांच्या एक डॉक्टर बाई आहेत, वयानं माझ्याएवढ्या असतील. थंडीत आम्ही गेलो. वाटेत मिरच्यांच्या पथारी लागल्या, दोन्हीकडे लाल जमीन, वर निळं आभाळ, आणि सगळी एसटी खोकत होती. आबा खिडकीतून बघत म्हणाले, तुन्ही माय आठे चालत जाये तवय शिके नही. तू इथून चालत जायचीस तेव्हा तुला शिंक यायची नाही, असं. मला हे माहीत नव्हतं. मग मला वाटायला लागलं की तू पुढच्या सीटवर आहेस, पदर नाकाला न लावता. असो. बाईंनी तोंडाचा मोठा एक्स-रे काढला, साखर तपासून घेतली, आणि समजावलं. जबड्याच्या हाडात छोटे स्क्रू बसवायचे, वर चार, खाली दोन. मग काही महिने नुसती वाट बघायची, हाड त्यांना धरतं. धरलं की त्यावर बटणं, आणि बटणांवर कवळी. हलणार नाही, उडणार नाही, झोपताना काढून धुवायची, सकाळी परत लावायची.

आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे खुटा ठोकाना, आन माटी धरस तवलगून बैल बांधाना नही."

"अगदी तसंच, काका. माती धरेपर्यंत बैल नाही."

त्या वर्षी पपई बरी गेली होती, म्हणून हे जमलं. खुंटे ठोकले तेव्हा मी बाहेर बाकावर बसलो होतो. आबा बाहेर आले ते गालाला बर्फ धरून, पण डोळ्यांनी हसत. मी दोन दिवसांसाठी आलो होतो. त्यांना कण्या आणि पातळ खिचडी कोण करून घालणार म्हणून राहिलो, मग टाके काढायचे म्हणून राहिलो. मग हाडासाठी राहिलो. हाड धरतंय की नाही हे काही दिसत नाही गं. आत, अंधारात, कुणाला न सांगता ते आपलं काम करत असतं. मी रोज सकाळी आबांच्या तोंडाकडे बघायचो, जसं पेरल्यावर माणूस उगाच वावराकडे बघतो. पारावर लोक चेष्टा करायचे. एकजण म्हणाला, "काय आबा, आते नवरी दखाले कवय जावानं?" आबा म्हणाले, "तुन्ही सासूले इचारी ये." सगळा पार हसला. आबा हसले नाहीत, तोंड मिटून बसले, पण कान हसत होते. त्यांचे कान हसतात हे तूच मला दाखवलं होतंस.

उन्हाळ्यात बाईंनी तोंडाचं माप घेतलं आणि पुढच्या खेपेला मेणातले दात दाखवले. पक्के करायच्या आधी मेणात बसवून बघतात, बदलायचं असेल तर तेव्हाच बदलायचं. आबांनी आरसा धरला. सुंदर दात होते, टीव्हीतल्या माणसासारखे, एकाला एक चिकटलेले. आबांनी बघितलं, जीभ लावून बघितली आणि आरसा खाली ठेवला.

"मझार फट नही शे," ते म्हणाले.

बाई आधी गोंधळल्या, मग त्यांना हसू आवरेना. "काका, लोक माझ्याकडे फट बुजवायला येतात. तुम्ही भलतंच मांगी ऱ्हायनात!" हसताना त्यांची पुस्तकातली मराठी सुटली आणि आमची बोली निघाली, तेव्हा आबांना जरा धीर आला. फट हवीच, म्हणाले. केवढी? आबांनी बोटं जवळ आणली, लांब नेली, परत जवळ आणली. बाईंनी विचारलं, जुना फोटो आहे का हसतानाचा? फोटो कुठून असणार. लग्नाच्या फोटोत तुम्ही दोघं असे बसला आहात जसं कुणी रागावलंय. तोंड उघडं ठेवून फोटो काढायचे दिवस नव्हते ते. बाई माझ्याकडे बघायला लागल्या, तुम्हाला आठवते का म्हणून.

आणि मला चूल दिसते. बाहेर दादर ज्वारी दुधात आलेली, आबा हुरडा भाजून घेऊन आलेत, मी तुझ्या मांडीला टेकून बसलोय. आबा एकदम खाता खाता थांबतात, शिट्टी वाजवायला जातात आणि नुसती हवा. एक दाणा बरोबर फटीत बसलाय, अर्धा आत, अर्धा बाहेर, हिरवा. तू हसून हसून खाली पडतेस. म्हणतेस, "मी समजू का तुमना दातस्माईन बैलगाडी जास. हाऊ तर दानाबी नही जाये!" मग केरसुणीची एक काडी मोडतेस, त्यांची हनुवटी धरतेस. मला म्हणतेस, तिकडे बघ रे. मी तिकडे बघतो, पण पितळी डब्यात सगळं दिसतं. तू त्यांचं तोंड दिव्याच्या उजेडाकडे वळवतेस. काडी आत जाते, दाणा उडतो, आणि आबा तुझ्या तोंडासमोरच शिट्टी वाजवतात. इतक्या जवळून. तू कानावर हात ठेवतेस आणि उठून जात नाहीस.

मी बाईंना म्हटलं, काडी आरामात जाते, हुरड्याचा दाणा अडकतो. त्यांनी ते तसंच ऐकून घेतलं. मेण गरम करून समोरचे दोन दात जरा बाजूला सरकवले, आबांना दाखवले, अजून जरा सरकवले. आबा आरशात बघत राहिले. बाई म्हणाल्या, एवढं काय आहे काका त्या फटीत?

"यान्ही मायले बलावाले लागस," आबा म्हणाले. याच्या आईला बोलवायला लागते.

बाईंना फार गोड वाटलं ते. म्हणाल्या, शिट्टीची खात्री मी देत नाही हं, सवय करावी लागेल. आणि काकूंना घेऊन या पुढच्या वेळी, दात त्यांनाही पसंत पडायला हवेत. मी आबांकडे पाहिलं. आबा टोपी नीट करत होते. "हा, आनसू," ते म्हणाले. आणतो. माझ्याही तोंडात तेव्हा मेण होतं म्हण.

पक्के दात बसवले त्या दिवशी टिच असा आवाज झाला, टिचबटण लागतं तसा. आधी वर, मग खाली. बाईंनी विचारलं, काकू नाही आल्या? "शेतमा शे," आबा म्हणाले. इतकं साधं म्हणाले की मला क्षणभर वाटलं, घरी गेल्यावर बघू, असशील. बाईंनी बोंडातून कापूस ओढतात तशी कवळी ओढून बघितली, हलली नाही. आठ-पंधरा दिवस मऊच खा म्हणाल्या. आबांनी तेवढे दिवस ते ऐकलं, आणि मग ठेच्याबरोबर दादरची भाकरी खायला लागले तेही एवढ्या सावकाश की मी ताट धुवून आलो तरी त्यांचा पहिला घास चालू. घास चावताना डोळे मिटायचे. तुझ्या हातच्या भाकरीला कड असायची, माझ्या भाकरीला कड येत नाही. तरी मिटायचे.

शिट्टी मात्र येईना. नवे दात थोडे जाड होते, जीभ कुठं टेकवायची ते जिभेला आठवेना. फू यायची, मग सू यायला लागली, सापासारखी. एकदा सू ऐकून कुत्रं आलं. आबा बांधावर जायचे, मी लांबूनच बघायचो. मला त्यांना सांगावंसं वाटायचं की आबा, आता राहू द्या, मी इथंच आहे, मला हाक मारली तरी चालेल. पण ती शिट्टी काही माझ्यासाठी नव्हती, आणि ते मला पहिल्यापासून माहीत होतं. तू गेल्यावर मी फक्त ती वाया जाऊ नये म्हणून येत होतो.

श्रावणात माझे पाय खाजायला लागले. खापरला एका हॉटेलात माणूस हवा होता. आबांनी पिशवीत शेंगदाण्याची चटणी ठेवली. दुपारी मी फाट्यावर जाऊन उभा राहिलो. नुकता पाऊस थांबून ऊन पडलेलं, कपाशी गुडघ्याएवढी, शेजारच्या वावरात बाया निंदत होत्या, त्यांचे पदर निळे, पिवळे, हळूहळू पुढं सरकणारे. जीप दिसायला लागली. आणि शिट्टी झाली.

खालचा सूर आणि मग एकदम वर. वर जाताना जरा फाटली, पण तीच. निंदणाऱ्या बाया थांबल्या. त्यातली एक म्हातारी, तुझ्याबरोबर पात धरणारी, विळा हातात घेऊन तशीच उभी राहिली. मी वळलो. आबा बांधावर होते. पण ते माझ्याकडे बघत नव्हते, विहिरीकडे बघत होते, लिंबाच्या खाली, आणि मी वळलो तोही त्यांच्याकडे नाही, तिकडेच. लिंबाखाली सावली होती. ती वाऱ्यानं हलत होती. जीपवाला म्हणाला, "येस का रे भो, का जाऊ?" मी हातानं त्याला जा म्हटलं.

त्यानंतर मी अजून खापरला गेलो नाही. जाईन, माझं तुला माहीत आहे. सहा महिन्यांनी दात तपासायला बोलावलंय, बाई परत काकूंचं विचारतील, आणि आम्ही परत शेतात आहे म्हणू. हे पत्र मी कुठं टाकणार नाहीये, लिंबाला काही पोस्टाची पेटी नाही. फक्त एक सांगायचं राहिलं. त्या दुपारी कुणी येणार नाही हे मला ठाऊक होतं, मी काही लहान नाही. तरी जीप गेल्यावर मी फाट्यावर बराच वेळ उभा राहिलो, कारण तू हातातली पात संपवल्याशिवाय येत नाहीस.