सदतीस इंचांचा ओटा

४ फेब्रुवारी

नणंदेचा फोन. "वहिनी, मी आता नीट चालायला लागले. आईनं घरी जायचं टुमणं लावलंय. एक मार्चला आणून सोडते."

घरी म्हणे. कुणाच्या घरी?

नणंदेच्या पायाचं ऑपरेशन झालं म्हणून सासूबाई तिच्याकडे गेल्या, त्याला आठ महिने झाले. नवऱ्याला जाऊन तीन वर्षं झाली, लेक शिकायला बाहेर. म्हणजे वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी पहिल्यांदा घरात एकटी राहिले. दार लोटून मोठ्यानं रेडिओ लावते. भूक लागली की जेवते, नाही लागली तर नाही जेवत. मागे उभं राहून कुणी बघत नाही.

फोनवर म्हटलं, "हो हो, आणा की." आवाज अगदी साखरेत घोळलेला. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला लाथ घातली. अंगठा सुजलाय.

५ फेब्रुवारी

ठरलं. ओटा फोडायचा. त्या यायच्या आत.

आज टेप लावून मोजला — बत्तीस इंच. मी पाच फूट आठ. सासूबाई चार फूट आठ. मी लग्न होऊन आले तेव्हा हा ओटा कोरा करकरीत होता, मी यायच्या आधी पंधरा दिवस बांधलेला. या घरात उंची कुणाची चालणार हे पहिल्याच सकाळी मला दाखवून दिलं बाईंनी. सत्तावीस वर्षं मी त्याच्यापुढे कमरेत वाकून चिरलं, मळलं, घासलं.

मी दवाखान्यात एक्स-रे काढते. दिवसातून चाळीस जणांना सांगते, सरळ उभे राहा, श्वास रोखा. गेल्या वर्षी माझाच काढून घेतला. खालचे दोन मणके एकमेकांवर बसलेत. डॉक्टरांनी विचारलं, वाकायचं काम असतं का?

म्हटलं, सासर आहे.

७ फेब्रुवारी

दुपारी सुट्टी होती. बसून आठवत गेले, एकेक. विसरायला नको म्हणून लिहून ठेवते.

पहिलं म्हणजे लग्नाचा पोशाख. आमच्यात नवरी साडी नाही, शिवलेला झगा घालते. सासूबाई शिवणकाम करायच्या, गावभर नाव होतं. "माझ्या मापाला फिटिंग बघायची गरज पडत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सुनेचा पोशाख मीच शिवणार म्हणाल्या, आमच्याकडे येऊन माप घेऊन गेल्या, आणि लग्नाच्या सकाळी पेटी उघडली तर काय — पायघोळ असायला हवा तो पोशाख घोट्याच्या वर चार बोटं! दुसरं घालायला काही नव्हतं. तशीच उभी राहिले सगळ्यांसमोर. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, नवरी नदी ओलांडून आली वाटतं. हशा पिकला. सासूबाई हसल्या नाहीत. मुद्दाम आखूड शिवणारी कशाला हसेल?

दुसरं म्हणजे, दोन महिन्यांत त्यांनी शिवण कायमची बंद केली. मशीनवर चादर टाकली ती आजतागायत. का? तर दिवसभर माझ्या मागे उभं राहता यावं म्हणून.

आणि तो पाट. मी एका बाजूला कमरेत मोडलेली, आणि शेजारी त्या लाकडी पाटावर चढून उभ्या. लादी थंड लागते म्हणे. लादी नाही लागत थंड, बाई. सुनेकडे वरून बघायचं असतं.

९ फेब्रुवारी

गवंडी येऊन गेला. साठीचा माणूस, कानावर पेन्सिल, बोलायचे कष्ट घेत नाही. म्हणाला, "ओटा कोण वापरणार?"

"मी. फक्त मी."

"मग उभ्या राहा. कोपर वाकवा. कोपराच्या खाली पाच इंच, तो तुमचा ओटा. आमच्याकडे पहिल्यापासून हाच हिशोब." टेप लावली, आणि थांबला. "ताई, सरळ उभ्या राहा."

"उभीच आहे की."

"नाही. गुडघे सैल सोडलेत, खांदे पाडलेत. वाकलेल्या माणसाचं माप घेतलं तर ओटा खोटा पडतो."

दिवसभर लोकांना सांगणारी मी, आणि मला कळलंही नाही! आईची देणगी ही. माझ्या आईची. शाळेच्या फोटोत, लग्नाकार्यात, मागून पाठीवर बोट टोचायची. "वाक जरा. ताडमाड दिसतेस." आई जाऊन अकरा वर्षं झाली, बोट अजून टोचतंय.

सरळ झाले. कोपर बेचाळीस, ओटा सदतीस. त्यानं भिंतीवर पेन्सिलनं रेघ मारली. तो गेल्यावर मी त्या रेघेशी उभी राहिले आणि सासूबाईंची उंची मनात धरून पाहिली. छातीशी येईल त्यांच्या. उभ्या राहा आता पाटावर नाहीतर टेबलावर.

रात्री झोप छान लागेल असं वाटतंय.

१० फेब्रुवारी

लागली.

१२ फेब्रुवारी

लेकीचा फोन. फोटो पाठवले होते तिला — पिवळा रंग, भिंतीतली फडताळं, ओट्यावर थेट पडणारा दिवा. शेवाळी पडदे काढले, त्यांची पायपुसणी केली. सासूबाईंच्या आवडीचे होते.

लेक म्हणाली, "आई, तू घर लावतेयस की मोर्चेबांधणी करतेयस?"

म्हटलं, दोन्ही.

"आजीचा हात कुठं पोचणार गं?"

"माझी कंबर कुठं सरळ झाली सत्तावीस वर्षं?"

ती म्हणाली, "आजीचं मशीन भंगारात देऊ नकोस हं, मला हवंय." भंगारवाल्याला मी कालच निरोप दिला होता. आज तो आला, त्याला नाइलाजानं परत पाठवलं. मशीन आहे तिथंच, चादरीसकट.

१५ फेब्रुवारी

फोडला! पहिला घाव मी घातला. गवंड्यानं घण हातात दिला आणि म्हणाला, "डोळे सांभाळा." तीन घावांत कोपरा उडाला. काय सांगू किती बरं वाटलं. दवाखान्यात कुणी विचारलं असतं तर आज वय बत्तीस सांगितलं असतं.

पाट मी स्वतः राडारोड्यात टाकला. गवंड्यानं उचलून बघितला, "चांगला सागवानी आहे." म्हटलं, टाका.

मग त्यानं पाटाची उंची मोजली. बोटांनी. तीन इंच. म्हणाला, "ताई, मघाशी तुम्ही म्हणालात, सासूबाई चार फूट आठ, हा ओटा त्यांच्या मापाचा."

"मग?"

"नाही हो. चार फूट आठच्या बाईला ओटा लागतो एकोणतीस. हा बत्तीस. त्यांना तीन इंच उंच पडत होता, म्हणून तर पाट. तुम्हाला ठेंगणा, त्यांना उंच. मग हा बांधला कुणासाठी?"

मला राग आला. म्हटलं, तुम्ही घण चालवा.

१८ फेब्रुवारी

बाथरूममधला आरसा वर घेतला. इतकी वर्षं त्यात मी हनुवटीपासून खाली दिसायचे, केस विंचरायचे तर गुडघे मोडून. आज अख्खं तोंड दिसलं. बरी दिसते मी. केस कापून घ्यावेत.

२१ फेब्रुवारी

केस कापले. दवाखान्यातले ओळखेनात. काळा दगड बसला ओट्यावर, सदतीस इंचांवर. सरळ उभी राहून एक कांदा चिरला. गरज नव्हती, तरी दुसरा चिरला.

गवंड्याचा प्रश्न डोक्यातून जात नाही. आगाऊ माणूस.

२७ फेब्रुवारी

तयारी पूर्ण. डबे वरच्या फळीवर. चहा-साखरसुद्धा. त्यांना स्वतःच्या हातानं पाण्याचा पेलाही घेता यायचा नाही. मागायचं मला. एकेक गोष्ट मागायची, आणि मी हसून द्यायची. बघू किती दिवस टिकतात. पंधरा? मी म्हणते आठ.

१ मार्च

आल्या.

वाळल्यात. नणंदेनं धरून आणलं आणि चहा न घेता निघून गेली. सासूबाई सगळं घर फिरल्या, एक शब्द नाही. पडदे बघितले, रंग बघितला. माझे केस बघितले. मग स्वयंपाकघर.

मी दारात उभी राहिले. या क्षणासाठी महिनाभर धूळ खाल्ली होती.

ओट्याजवळ गेल्या. काळा दगड त्यांच्या छातीशी. तळहात वर ठेवला, पोर टेबलावर ठेवतं तसा. इकडेतिकडे बघितलं. "माझा पाट?"

"टाकला."

मान हलवली. मला वाटलं, आता रडतील, आता ओरडतील. त्यांनी पिशवी उघडली आणि शिवणाची टेप काढली. पिवळी, टोकं फाटलेली. म्हणाल्या, "उभी राहा. कोपर वाकव."

का उभी राहिले कोण जाणे. राहिले. सरळ.

टेप जमिनीपासून धरली. "बेचाळीस," म्हणाल्या. परत मोजलं. परत बेचाळीस. मग पिशवीतून वही काढली — जुनी मापवही, पाठ सुटलेली. एक पान, वर माझं माहेरचं नाव. खाली खांदा, छाती, कंबर, उंची. आणि अगदी तळाला, त्यांच्या अक्षरात — कोपर सदतीस, ओटा बत्तीस.

मी वाचत राहिले.

"नव्या सुनेला पहिल्या दिवसापासून वाकावं लागू नये म्हणून ओटा तुझ्या मापानं बांधून घेतला होता," सासूबाई म्हणाल्या. "पोशाखही त्याच मापानं शिवला. दोन्ही चुकले. पस्तीस वर्षं टेप धरली, कधी बोटभर चुकले नव्हते. लग्नात लोक हसले ते तुला नाही, मला. त्यानंतर बायका मापाला आल्या तर माझा हात उचलेना. वाटायचं, परत चुकेल."

आणि मग त्यांनी विचारलं. माझ्याकडे न बघता, वहीकडे बघत. "खरं सांग. त्या दिवशी तू सरळ उभी होतीस ना?"

मी म्हटलं, "हो."

२ मार्च

खोटं बोलले. इथं तरी खरं लिहिते.

सासूबाई टेप घेऊन माझ्याभोवती फिरत होत्या. माझी आई माझ्या मागे. "मुलगा तुझ्यापेक्षा दोन बोटं कमी आहे," ती आदल्या दिवशीच म्हणाली होती. "गुडघे सैल सोड, खांदे पाड. एकदा लग्न झालं की हो सरळ." सासूबाई म्हणाल्या होत्या, पोरी, ताठ उभी राहा. मी म्हटलं होतं, अशीच आहे मी. आईचं बोट पाठीत होतं.

मला हे आठवत नव्हतं असं नाही. मी त्याचा पोशाखाशी संबंध लावला नाही. खरंच लावला नाही? आईला दोष कसा द्यायचा म्हणून सासूबाईंना दिला, ते सोपं होतं. रोज समोर होत्या.

पण मी का सांगू? त्यांनी तरी सत्तावीस वर्षांत एकदा विचारलं का? मला वाकलेली बघत होत्या ना रोज? ओटा परत बांधायला कुणी हात धरला होता? स्वतःची चूक फोडून बघायची हिंमत झाली नाही बाईंची. माझा मणका गेला त्यात. नाही सांगणार.

३ मार्च

सकाळी त्यांनी पाणी मागितलं. पेला दिला. ठरवलं होतं तसं हसून देता आलं नाही.

दुपारी दवाखान्यातून आले तर पिशवी भरलेली. नणंदेला फोन करून बोलावून घेतलं होतं. "घर छान केलंस," म्हणाल्या. "सगळं तुझ्या मापाचं. माझं आता इथं काय काम? उद्या निघते." मापवही टेबलावर काढून ठेवली होती. "ही रद्दीत दे. चुकलेली वही कशाला सांभाळायची?"

मी आठ दिवस म्हटलं होतं. तीनच लागले. जिंकले मी. ओट्याशी सरळ उभी राहून एकटीनं जेवण केलं आणि दोन घास गिळून ताट बाजूला सारलं.

४ मार्च

नणंद खाली गाडीत. सासूबाईंनी चपला घातल्या होत्या. मी म्हटलं, "आई, मी वाकले होते. माप घेताना. माझ्या आईनं सांगितलं होतं."

त्यांनी दाराची चौकट धरली.

"म्हणजे माझं माप बरोबर होतं," म्हणाल्या.

मग चपला काढल्या, आत आल्या, आणि मशीनवरची चादर ओढून काढली.