एकादशीचा कांदा

गुरुवार, एकादशी. दिवेलागणीची वेळ.

दुपारी बाजेवर पडली होती. डोळे उघडले तं जीभ चावलेली, आंग ठेचल्यावानी, अन् उशीपाशी अर्धा चिरलेला कांदा.

यांले विचारलं, "मले फीट आलती का?"

"कायची फीट? गाढ झोपली होती तू."

"मंग हा कांदा?"

"भाजीले चिरला असन."

एकादशीले? सकाळपासून घरात साबुदाण्याशिवाय काही शिजलं नाही. आजच्या दिवशी आमच्याकडे कांद्याले कोणी हातही लावत नाही. फीट आली की मात्र कांदा फोडून नाकाशी धरतात. पाणी द्यायले आले तवा यांच्या बोटांले तोच वास होता.

डॉक्टर म्हणतात, ज्याच्यानं फीट सुरू झाली तो मेंदूतला किडा कधीच मेला, पण त्याचा चुन्यासारखा ठिपका राह्यला, तो कधीही फीट आणू शकतो. दोन वर्षं फीट आली नाही तर गोळ्या कमी करून पाहू. दोन वर्षं आता भरली. उद्या त्याच्यासाठीच यवतमाळले जायचं आहे.

मंग यांनी लपवलं काहून? माझं मन मोडू नये म्हणून? का गोळ्यांनी मी दिवसभर पेंगते, त्याचा कंटाळा आला? कालच म्हणत होते, "गोळ्या सुटल्या की तू पहिल्यासारखी होशील." पहिल्यासारखी, कोणासाठी?

उद्या डॉक्टर विचारतील, शेवटची फीट कधी आलती? नेहमीसारखे हेच माझ्याआधी बोलतील. बोलू दे.

कांदा पेपरात गुंडाळून रिपोर्टच्या पिशवीत ठेवला आहे.