आईच्या बाथरूममधले दिवे

बाबा, गेल्या आठवड्यात आईच्या बाथरूममध्ये तीन नवे दिवे बसवले. तुम्ही असता तर बाहेरचा वायरमन बोलवावाच लागला नसता. नेरे गावातलं आपलं घर सोडून आम्ही दोघी करंजाड्याच्या फ्लॅटमध्ये आलो त्याला बरीच वर्षं झाली. काचबिंदूनं आईची नजर कमी होत गेली, आणि दिवाळीनंतर ती नळापाशी दोनदा घसरली. म्हणून जुनी फरशी उखडून खरखरीत टाइल्स घातल्या, धरायला दांडा लावला, आणि काम निघालंच आहे तर दिवेही वाढवू म्हटलं.

वायरमन म्हणाला, "मॅडम, एलईडीला कुठे अर्थिंग लागतं? सगळे असंच करतात." मला तुमचा हात आठवला. मी नऊ-दहा वर्षांची, अंघोळ करून निथळत उभी आहे आणि बाथरूमच्या बटणाकडे हात नेतेय. तुम्ही मनगट धरून असं ओढलंत की बांगडी फुटली. "वल्या हातानं बटन? मरायचंय का गो तुला?" त्या दिवशी तुम्ही कारखान्यात गेला नाहीत. दुपारपर्यंत ते बटण दाराबाहेर नेऊन बसवलंत, आणि मग मला जवळ घेतलंत.

म्हणून मी अडून बसले. त्याला मेन बंद करायला लावलं, टेस्टर लावून दाखव म्हटलं. अर्थिंगची वायर ओढल्याशिवाय दिव्यांसाठी उघडलेलं छत बंद करू दिलं नाही. दिवे पाणी न शिरणारे घेतले, शॉवरपासून लांब लावले, बटणं बाहेर ठेवली, आणि करंट जरा गळला तरी सगळं आपोआप तोडणारा स्विच बसवून घेतला. तो चिडला, पण केलं त्यानं. काम बघून तुम्ही नुसती मान हलवली असती, तेवढं मला पुरलं असतं.

संध्याकाळी तिन्ही दिवे लावले. पांढऱ्या टाइल्स इतक्या चमकल्या की माझेच डोळे दिपले. आईला हात धरून आत नेलं. ती दांडा चाचपत उभी राहिली आणि म्हणाली, "लाइट लाव ना गो, काय दिसत नाय."

मी बाहेर येऊन उगाच बटण खालीवर केलं. मग तोंडातून गेलं, "लाइट गेलीय, आई."

हॉलमधला पंखा घरघरत होता, आणि तिचे कान अजून चांगले आहेत. तरी ती एवढंच म्हणाली, "येल तवा येल. तू दार लोटून घे."

मी दार लोटलं आणि तिथेच उभी राहिले. आत पाणी पडत होतं. आता अजून कुठे वायर ओढायची, मला कळत नव्हतं.

एक सांगायचं राहिलं. फरशी उखडायच्या आधीच डॉक्टर मला म्हणाले होते, आता उजेड वाढवून फरक पडायचा नाही. ते मी आईला सांगितलं नाही, कुणालाच नाही. तुम्हाला लिहितेय, तेही हा कागद तुमच्यापर्यंत पोचणार नाही म्हणूनच.