जिना नव्हता

शुक्रवार पेठ, सोलापूर
२ फेब्रुवारी २०२५

चि. बिरप्पा यास,

अण्णाचा आशीर्वाद. इकडं सगळे बरे आहेत. अव्वाचा खोकला कमी आहे. अक्कलकोटहून तुझा फोन आला का, म्हणून ती रोज विचारते.

आधी कामाचं. व्यायाम सोडू नकोस. पाय लांब करून बस, उजव्या गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेव, चार इंच जाड, आणि गुडघ्यानं ती खाली दाब. दहा आकडे मोज, सोड. असं पंधरा वेळा, सकाळ-संध्याकाळ. मांडी घट्ट झाली की सांध्यावरचा भार कमी होतो. झिजलेली गादी परत येत नाही, पण दुखणं आवरता येतं. शेक वीस मिनिटं, जास्त नको. काठी डाव्या हातात. दुखऱ्या बाजूला काठी धरतात ते अडाणी.

हे मी पुस्तकातून शिकलो. माग दुरुस्त करायलाही मला कुणी शिकवलं नव्हतं, तुला माहीत आहे.

मंगळवारी झालं ते पुस्तकामुळंच, असं मी चार दिवस स्वतःला सांगत होतो. फिजिओथेरपीच्या रेश्मा मॅडम दुसऱ्या पेशंटकडं गेल्या. पुस्तकात एकशे वीस अंश लिहिलेले, तुझा गुडघा नव्वदला अडकत होता. मी घोटा धरला आणि वाकवला. तू ओरडलास. मी अजून दाबला. आत करकरलं, ते माझ्या हाताला कळलं. तू माझा गळा धरलास. नखं अजून मानेवर आहेत. "मारायचं असंल तर दांडा आण की, अण्णा! पुस्तक कशाला?" मॅडमनी मला दंडाला धरून बाहेर काढलं.

त्या दांड्याबद्दल. पहिल्या दिवशी मॅडमनी विचारलं होतं, "पूर्वी गुडघ्याला मार लागला होता का?" तू माझ्याकडं न बघता म्हणालास, "कारखान्याच्या जिन्यावरनं पडलो, मॅडम." त्यांनी लिहून घेतलं. मी शेजारीच उभा होतो.

कारखान्याला जिना नव्हता. आठ माग आणि वर पत्रा.

एकोणीसशे नव्व्याण्णव, दुपारची पाळी. तुझ्या मागातून लोखंडी टोकाचा धोटा उडाला, माझ्या कानाजवळून जाऊन भिंतीवर आदळला. मी तुटका दांडा उचलला. तू अठरा वर्षांचा, मी सत्तावीसचा. तीन फटके. पहिला मांडीवर, पुढचे दोन गुडघ्यावर, एकाच जागी. तिसऱ्याला तू खाली पडलेला होतास. धोटा उडाला तो मी मागाचा पट्टा ढिला ठेवल्यामुळं. हे मला पहिल्या फटक्याआधीच दिसलं होतं. पण कामगार बघत होते. जिना मीच रचला, अव्वासाठी. तिनं कारखाना कधी पाहिला नव्हता.

चुकीची नोंद मला बघवत नाही. काल एकटाच मॅडमकडं गेलो. "जिना खोडा," म्हटलं.

"मग काय लिहू?"

"लाकडी दांडा. तीन फटके."

"कुणी मारलं?"

मी पेन मागून घेतलं आणि माझं पूर्ण नाव लिहिलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही इथं परत यायचं नाही. तुमच्या भावाला पाठवा."

आज सकाळी अव्वाला सांगितलं. त्रेपन्न वर्षांच्या लेकाच्या तोंडात तिनं दोनदा मारली. ओठ फुटलाय.

मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी अकरा. तू ये. मी नसेन, स्टँडवरसुद्धा नाही. बाभळीची काठी केलीय, तुझ्या मनगटाच्या उंचीची. ती मॅडमकडं आहे. माझ्या हातची नको असेल तर मोड, पण दुसरी घे.

वर 'अण्णाचा आशीर्वाद' लिहिलंय ते सवयीनं. ते खोडायचं की ठेवायचं, तू ठरव.

शरणबसव