व्याह्यांच्या ताटातला खिमा

७ फेब्रुवारी १९४३, रविवार. लोणावळा.

एक कोडे. ते प्रत्येक गृहस्थाने पाहिलेले असते, पण त्यावर विचार कोणी करीत नाही. अंबाजी खाटकाकडून आणलेल्या मटणाच्या वाट्याचा तुकडे घालून रस्सा केला, तर तो घरातल्या तिघांना अपुरा पडतो. तेवढ्याच मटणाचा खिमा केला, त्यात मूठभर चण्याची डाळ आणि एक बटाटा घातला, तर तिघे पोटभर जेवून सकाळच्या भाकरीपुरता उरतो. मटण तेवढेच. मग वाढले काय?

कस्तुराबाई म्हणाल्या, "डाळ वाढली." आमच्या सौभाग्यवतींचे हे उत्तर वरवरचे आहे. खरे कारण पृष्ठभाग. तुकड्याला मसाला बाहेरूनच लागतो, आतला भाग कोरा राहतो. त्याच तुकड्याचे कण केले की प्रत्येक कणाला सर्व बाजूंनी मसाला लागतो, आणि घासागणिक मटण असल्याचा प्रत्यय येतो. शिवाय खिम्यात मोठा तुकडा, लहान तुकडा हा भेदच उरत नाही. सासू, सून, मालक, गडी, सर्वांना सारखेच. खिमा म्हणजे समता. (वाक्य चांगले झाले आहे. शाळेत वापरावे.)

संकल्प: लढाई संपेपर्यंत या घरात हाड वाढले जाणार नाही.

नंदा पौषी पुनवेच्या जत्रेनंतर बेडशाहून माहेरी आली ती अजून इथेच. सासरहून कोणी न्यायला येत नाही. कारण विचारले की चुलीकडे तोंड फिरवते. जावई हौशीराम शांत मुलगा. व्याही कोंडाजी तापट, पण सरळ. दोष बहुधा विहीणबाईंचा असावा.

१० फेब्रुवारी.

खंडाळ्याच्या एका बंगल्यातले साहेब फ्रंटवर गेले. त्यांच्या सामानाच्या लिलावात खिम्याचे यंत्र मिळाले. अस्सल विलायती, ओतीव लोखंडाचे. कस्तुराबाईंनी ते चहूबाजूंनी पाहिले आणि विचारले, "अवो, ह्याला बैल एक लागतो का दोन?"

यंत्र टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळायचे असते. आमच्याकडे टेबल नाही. पाटाला आवळले. दांडा फिरवला की पाटही फिरतो. उपाय सापडला: नंदाने पाटावर बसायचे, मी दांडा फिरवायचा. रिझल्ट उत्तम.

१६ फेब्रुवारी, रात्री.

नंदा पाटावर बसलेली असताना आपण होऊन बोलली. हकीकत अशी.

बेडशाच्या जत्रेत देवीपुढच्या बकऱ्याची नळी, म्हणजे मांडीचे मगजाचे हाड, मान म्हणून मानकऱ्याच्या ताटात पडते. यंदा पंगत कोंडाजींच्या अंगणात होती आणि रांधायला नंदा. तिने, लग्नापूर्वी मी शिकविले होते त्याप्रमाणे, सगळे मांस हाडापासून सोडवून कोयत्याने बारीक केले. सर्वांना पुरावे आणि कोणी कमीजास्त म्हणू नये, हा हेतू. वृद्ध मानकरी ताटात बोटे फिरवीत राहिले. मग पाण्याचा तांब्या कलंडवून न जेवताच उठले. त्यांच्यामागे पंगत उठली. गावात कोंडाजींना मान वर करता येईना.

"आबा, मी तुमचंच ऐकलं," एवढे बोलून नंदा रडू लागली. रडताना ती हलल्याने यंत्र निसटले.

शांतपणे विचार करता दोष कुठे आहे हे स्पष्ट दिसते. दोष कोयत्याचा. कोयत्याने कण असमान पडतात आणि समतेचा परिणाम साधत नाही. यंत्राचा खिमा खाल्ला असता तर मानकरी उठते ना. हे कोंडाजींना प्रत्यक्ष दाखविले पाहिजे.

२३ फेब्रुवारी.

बेडशाहून निरोप. सात मार्चला, रविवारी, कोंडाजी आणि हौशीराम जेवायला येतात. मन निवले तर नंदाला घेऊन जातील. नंदाने आजच लुगड्यांचे गाठोडे बांधून दाराशी ठेवले.

कस्तुराबाईंनी अंबाजीला नळीसकट मांडी राखून ठेवायला सांगितले आहे. मी त्यांना यंत्राचे तत्त्व पुन्हा समजावून दिले. त्या म्हणाल्या, "अवो, व्याही जेवायला येत्यात, शाळा तपासायला न्हाई. नळी वाढा, पाया पडा, पोरगी नांदायला जाऊ द्या." कार्ल्यासारख्या खेड्यात लहानपण गेल्यामुळे त्यांच्या विचारांना मर्यादा आहे. वाद घातला नाही.

७ मार्च, रविवार, संध्याकाळ.

पहाटेच, कस्तुराबाई पाण्याला गेल्या असताना, मांडी सोडविली. हाडे टाकून दिली असे कोणी म्हणू नये. ती तासभर उकळून त्यांचा अर्क खिम्यात घातला. म्हणजे नळीचा संपूर्ण गुण प्रत्येकाच्या ताटात आला, फक्त तिचा निरुपयोगी भाग तेवढा परसात गेला. इतका निर्दोष खिमा मावळात आजवर झाला नसेल.

कस्तुराबाई परतल्या, पातेले पाहिले आणि झाकण आपटून भाकऱ्या थापायला बसल्या. ही संमती समजलो.

पाहुणे वेळेवर आले. हौशीरामने दोनदा मागून घेतले. ही नोंद महत्त्वाची आहे.

कोंडाजींनी मात्र भाकरी मोडली, ताटाच्या कडेने बोटे फिरविली, मधे फिरविली, परत कडेने. मी पृष्ठभागाविषयी सांगू लागलो. ते म्हणाले, "मास्तर, बकरं लय कवळं व्हतं वाटतं. हाडंच आली न्हवती त्याला."

विनोद समजून मी हसलो. ते हात धुवायला परसात गेले. तिथे घरमालकाचे कुत्रे नळी धरून बसले होते.

कोंडाजींनी तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "हाय की नळी. पावण्याला चुरा अन् कुत्र्याला मान. हौशीराम, ऊठ." मी नळीत आता काहीच सत्त्व उरले नसल्याचे सांगितले. ते त्यांना पटले असे वाटले नाही.

हौशीराम दाराशी गाठोड्यापाशी थांबला, वाकला, आणि बापाने पुन्हा हाक मारल्यावर निघून गेला.

८ मार्च.

अपयशाची कारणे: (१) कुत्रे. (२) कुत्रे घरमालकाचे असल्याने त्यावर माझे नियंत्रण नाही.

नंदा जेवत नाही. गाठोडे सोडीतही नाही. कस्तुराबाई माझ्याशी फक्त "सरका" एवढेच बोलतात.

११ मार्च.

कोंडाजींना सविस्तर समजावून सांगण्यासाठी बेडशाला जाण्याचा विचार बोलून दाखविला. नंदा प्रथमच माझ्याकडे सरळ पाहून म्हणाली, "आबा, नगा." आवाज असा होता की विचार रद्द केला.

१४ मार्च, रविवार.

सकाळी उठलो तो यंत्र जागेवर नाही. कस्तुराबाईंनी ते अंबाजीला देऊन त्याच्याकडून नळीसकट अख्खी मांडी घेतली होती. टोपलीत मांडी, वर ओले फडके, पाठीमागे गाठोडे घेऊन नंदा. दोघी पहिल्या गाडीने कामशेतला उतरून बेडशाला चालत जाणार. मी बरोबर येऊ का, म्हणून विचारले. "तुमी घर राखा," असे उत्तर मिळाले.

दिवसभर एकटा होतो. कालचा खिमा गरम करून घेतला. चव निर्दोष होती.

दिवेलागणीला कस्तुराबाई आल्या. एकट्याच. नंदा तिथेच राहिली. मानकरी म्हाताऱ्याला बोलावून आणले, नंदाने स्वतः नळी त्यांच्या ताटात वाढली. त्यांनी ती भाकरीवर आपटून साऱ्या अंगणाला ऐकू जाईल अशी चोखली, आणि कोंडाजी हसले. माझ्यासाठी निरोप आहे: "मास्तरास्नी म्हणावं, पुढल्या जत्रंला जरूर या. पर चुलीकडं फिरकू नगा."

पहिल्या पानावरच्या कोड्याचे उत्तर अपुरे होते असे वाटते. खिम्यात काय वाढते ते मी मोजले, काय कमी होते ते मोजले नाही. त्यासाठी यंत्र लागत नाही, प्रयोग सोपा आहे. समोरच्याला खिमा वाढावा आणि त्याच्या तोंडाकडे न पाहता बोटांकडे पाहावे. बोटे ताटाच्या कडेने फेरी घालून रिकामी परत आली, तर ताट कितीही भरलेले असो, तो माणूस उपाशी आहे. समोर कोणी नसेल तर एकट्याने जेवावे आणि स्वतःची बोटे पाहावीत. मी आज दुपारी पाहिली.