नमुन्याचा आवाज

३ मार्च
तीच आहे. माझी धाकटी बहीण!

विद्यापीठाची इंग्रजीची तोंडी परीक्षा तपासायची, तर आधी आम्हा तपासनिसांना ‘कान जुळवायला’ बसवतात. सगळ्यांनी एकच जुनं रेकॉर्डिंग ऐकायचं, गुण द्यायचे, आणि गुण जुळेपर्यंत वाद घालायचा. नमुन्याला नाव नसतं, फक्त क्रमांक. यंदा मुख्य तपासनीस साहेबांनी फार जुना नमुना काढला. हेडफोन लावला आणि ऐकू आलं: “माय सिस्टर सिंग्ज, सो एव्हरीबडी लीव्हज.”

हे उत्तर आम्ही दोघींनी मिळून रचलं होतं. एकमेकींची टिंगल! दोघींनी तेच आरशासमोर घोकलं, परीक्षाही एकाच आठवड्यात दिली. मी पास झाले. ती निकालाच्या आतच तापाने गेली.

“घोकलेलं दिसतंय. पाच,” शेजारचा तपासनीस म्हणाला. त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. मीही पाचच दिले.

६ मार्च
वाक्याआधी ती जरासा श्वास घेते. तो आता सगळीकडे ऐकू येतो — बसमध्ये, भांडी घासताना. कोणी मागे श्वास घेतला तरी मी वळून बघते. आज लिफ्टमधल्या बाई घाबरल्याच.

९ मार्च
शुक्रवारी जुने नमुने पुसणार! खोलीबाहेर काही न्यायचं नाही, फोनसुद्धा बाहेरच्या कपाटात. शेवटी साहेबांना सांगून टाकलं. त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, “आईंना घेऊन या. त्या ऐकतील तेवढ्यात मी चहा पिऊन येतो.”

घरात तिचा आवाज कुठेच नाही. एक कॅसेटसुद्धा नाही. पण आईच्या जखमेवरची खपली काढायची की नाही? मला भीती वाटते. आणि तिच्यापासून लपवणं म्हणजे चोरीच.

११ मार्च
सांगितलं. आई ठेवणीतले कपडे काढून इस्त्री करत बसली.

“इंग्रजी कळणार नाही तुला,” मी म्हटलं.

“मधे अर्थ सांगत बसू नकोस. नुसतं ऐकू दे.”

१३ मार्च
आईने हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला. शेवटपर्यंत ऐकलं. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, “अगं, ही तर तू आहेस.”