मार्टिनीतली हलकी दारू

मी, काशीनाथ रावजी गमरे, मूळचा दापोली तालुक्यातला, हल्ली राहणार इल्फर्ड, धर्माने बौद्ध, नोकरीने रेल्वेचा निवृत्त सिग्नलमन आणि सवयीने वक्ता, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. माझ्या हृदयाबद्दल डॉक्टरांना जे सांगायचं होतं ते त्यांनी सांगितलं आहे; डोक्याबद्दल त्यांची काही तक्रार नाही. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत, रागाच्या भरात भर सभेत जाहीर केलेली धरून.

कलम १. व्याख्या. या दस्तऐवजात 'दारू' म्हणजे बंदुकीची दारू. पिण्याची दारू मी जन्मात चाखलेली नाही, आणि तिच्याविरुद्ध साउथॉलपासून ग्लासगोपर्यंत घसा फोडला आहे. 'मार्टिनी' म्हणजे माझी रायफल. व्याख्या करायची वेळ आली, कारण सॉलिसिटरने आणलेल्या पहिल्या इंग्रजी तर्जुम्यात मी माझा मद्यसाठा आणि मार्टिनी नावाचं एक कॉकटेल नातीला देऊन टाकलं होतं. माणसाला बुडवणाऱ्या आणि माणसाला उडवणाऱ्या वस्तूला आपल्या भाषेने एकच शब्द का दिला, हे मला ठाऊक नाही. त्या शब्दाने माझं काय केलं ते मात्र पुढे लिहिलं आहे.

कलम २. घर. इल्फर्डचं घर मुलगा सुहास आणि सून रचना यांना. सुहास स्टॅनमोरला राहतो आणि आमच्या रस्त्यावर वळताना गाडी आतून लॉक करतो. त्याने घर खुशाल विकावं. फक्त एजंटला जाहिरातीत 'अप अँड कमिंग एरिया' लिहू देऊ नये. मी आलो तेव्हापासून हा भाग अप अँड कमिंगच आहे.

कलम ३. बचत आणि पुस्तकं. बचत दापोलीच्या मुलींच्या वसतिगृहाला. पुस्तकं इल्फर्डच्या सार्वजनिक वाचनालयाने घेतली तर त्यांना. आमच्या इथल्या बौद्ध मंडळाला नकोत. मंडळाची पुस्तकं कपाटात असतात, कपाटाची किल्ली सरचिटणीस शशिधर अहिरे यांच्याकडे असते, आणि शशिधर बहुतेक वेळ नागपूरला असतो.

कलम ४. रायफल. माझे पणजोबा मुंबईच्या पायदळात शिपाई होते. सत्तावन सालानंतर सरकारने ठरवलं की देशी शिपायाच्या हाती गोऱ्या शिपायापेक्षा एक पिढी जुनी बंदूक द्यायची. गोऱ्यांना नवी कोरी मार्टिनी मिळाली, तेव्हा पणजोबांच्या खांद्यावर त्यांची उतरलेली बंदूक आली. पुढे तीही काढून घेतली आणि सांगितलं, तुमची जात लढाऊच नाही. ज्यांच्या खांद्यावर बसून राज्य मिळवलं, त्यांनाच हे सांगायला किती निगरगट्टपणा लागतो, याचा हिशोब मी आयुष्यभर व्यासपीठावरून मागितला. मिळाला नाही. म्हणून एसेक्समधल्या एका लिलावात मार्टिनी विकत घेतली.

बंदुकीच्या परवान्यासाठी इथे सबळ कारण दाखवावं लागतं, म्हणून पोलीस अधिकारी घरी आला. चहा घेत म्हणाला, “व्हॉट्स युअर गुड रीझन, सर?” मी त्याला सत्तावनपासून सांगायला सुरुवात केली. चहा निवला. त्याने फॉर्मवर लिहिलं, 'टार्गेट शूटिंग'.

कलम ५. दारूची निवड. सर्वांना वाटलं, एवढा गरजणारा माणूस मार्टिनीही गरजत चालवणार. तिच्या काळची काळी दारू ठासून भरली की खांदा निळा होतो, सडक्या अंड्यांचा वास सुटतो आणि धूर जाईपर्यंत नेम लागला की नाही हे कळत नाही. माझ्या भाषणांबद्दलही हीच तक्रार होती. पण मला बीन्सचे रिकामे डबे पाडायचे होते, साम्राज्य नाही. ते माझ्या मदतीशिवाय गेलं. शिवाय एवढ्या जुन्या पोलादाला म्हातारपणी हिसके देऊ नयेत. म्हणून बार हलका हवा.

हलका बार दोन तऱ्हांनी भरता येतो. एक, पिस्तुलाची झटपट पेटणारी दारू, चिमूटभर. मार्टिनीचं काडतूस काळ्या दारूसाठी घडवलेलं, त्याची पुंगळी ऐसपैस. चिमूट तिच्या तळाशी लोळत राहते. बोलता बोलता दुसरी चिमूट पडली तरी जागा उरतेच, आणि चूक कळते ती बंदूक फुटल्यावर. दुसरी तऱ्हा म्हणजे हल्ली निघालेली फुगीर, लाह्यांसारखी दारू. जोर बेताचा, पण पुंगळी अर्ध्याहून अधिक भरते. चुकून दोनदा ओतली तर टेबलावर सांडते. मी ही निवडली. चूक करणाऱ्याला तिथल्या तिथे उघडं पाडणारी वस्तू मी युनियनमध्ये शोधली, पक्षात शोधली, मंडळात शोधली. ती अखेर एका डब्यात मिळाली. किती भरायची हे दारू बनवणाऱ्याच्या पुस्तकात पाहावं, मृत्युपत्रात नाही.

कलम ६. बदनामी. माझी नात इशिता पंचवीस वर्षांची आहे, लोकांचे डोळे तपासते, आणि आमच्या नेमबाजी क्लबची परवानाधारक सभासद आहे. तिचं मराठी प्रेमळ आहे, व्याकरणशुद्ध नाही. दोन वर्षांपूर्वी जयंतीच्या कार्यक्रमात शशिधरने तिच्यापुढे माइक धरला. “सांग बेटा, आजोबा रिटायर झाल्यापासून काय करतात?”

“आजोबा सॅटर्डेला शेडमध्ये दारू भरतो. मी पण हेल्प करते.”

सभागृहात खुर्च्या करकरल्या.

“आजोबाचा दारू खूप लाइट आहे, काका. जास्त टाकला तर सगळा बाहेर येतो.”

“बाहेर येतो?”

“हो ना, टेबलवर! मग आम्ही क्लीन करतो आणि परत भरतो.”

सुहास बापाला वाचवायला उठला. “अहो, तसं नाही, ते फक्त मार्टिनीमध्ये घालतात!”

मी मंडळाच्या व्यसनमुक्ती समितीचा अध्यक्ष होतो. चहा येण्याच्या आत माजी झालो. मी पाऊण तास खुलासा केला. इतिवृत्तात शशिधरने लिहिलं, 'वक्त्याने दारू असल्याचे मान्य केले.'

कलम ७. दावेदार. आता तोच शशिधर मार्टिनी मागतो. तिच्या नळीत सिमेंट भरून, काचेच्या कपाटात, खाली पाटी लावून ठेवायची. “काका, समाजाची वस्तू समाजात राहू दे.” कपाटाची किल्ली कोणाकडे असेल हे मी विचारलं नाही. पणजोबांना बंदूक नाकारणाऱ्यांनीही तिच्या तोंडात सिमेंट भरलं नव्हतं.

दुसरा दावेदार क्लबमधला माझा मित्र, निवृत्त दंतवैद्य माधव टिपणीस. त्याला तिची डरकाळी ऐकायची आहे.

“अरे काशीनाथ, वाघिणीला म्याव म्याव करायला लावलंस!”

“माधव, दाढ काढताना तू मोठा आवाज काढायचास का?”

“पेशंट काढायचा!”

मागच्या उन्हाळ्यात माझी फुगीर दारू संपली, तेव्हा माधवने आपली पिस्तुलाची आणली आणि पानिपत का हरलो हे आम्हाला समजावत माझ्याच टेबलावर काडतुसं भरली. त्यातलं एक उचलून इशिताला दिलं. “घे, आजचं पहिलं तुझं.” तिने ते बंदुकीत घातलं नाही, वजनाच्या काट्यावर ठेवलं. म्हणाली, “काका, हा बाकीच्यापेक्षा हेवी आहे.” आम्ही ते उघडलं. आत दारू दुप्पट होती. पानिपतावर माधवचं मन होतं, आणि बंदुकीच्या मागे माझ्या नातीचा चेहरा असणार होता. माधव म्हणाला, “थोडं इकडेतिकडे चालतं रे, मार्टिनी आहे ती!” इशिता रागावली नाही. तिने त्याची बाकीची सगळी काडतुसं एकेक करून उघडली आणि म्हणाली, “काका, तुम्ही बोला. मी भरते.”

कलम ८. म्हणून मार्टिनी, तिची दारू, काटा आणि काडतुसं भरायचं यंत्र मी इशिताला देतो. तिच्या परवान्यावर नोंद होईपर्यंत बंदूक परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवावी. सुहासने ती वेल्डिंगने निकामी करून फायरप्लेसवर टांगू नये. इशिताने फुगीर दारूच वापरावी आणि भरताना कोणाचंही भाषण ऐकू नये, मी रेकॉर्ड करून ठेवलेलंसुद्धा. तिचं मराठी कोणी सुधारू नये. मंडळात तिने जे सांगितलं त्यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं.

कलम ९. साक्षीदार. मी आजारी पडल्यापासून माधव आणि शशिधर रोज फोन करतात. “काशीनाथ, मृत्युपत्रात माझं नाव आहे ना?” “काका, नाव आहे ना?” मी दोघांना सांगितलं, आहे, शेवटच्या पानावर आहे, या आणि पाहा. या देशाच्या कायद्याप्रमाणे साक्षीदाराला त्या मृत्युपत्रातून कवडीही घेता येत नाही. साक्षीदाराने मजकूर वाचण्याची आवश्यकता नसते. मी सही करताना पाहिलं की पुरे. वाचायला दोघांपैकी कोणीच मागितलेलं नाही.

स्थळ : इल्फर्ड
दिनांक : १२ ऑक्टोबर २००८

(सही) काशीनाथ रावजी गमरे

आमच्या दोघांसमक्ष सही झाली :

१. (सही) डॉ. माधव टिपणीस. काशीनाथ, या विश्वासाबद्दल मनापासून आभार.

२. (सही) शशिधर अहिरे, सरचिटणीस. मंडळाच्या वतीने साभार पोच. कपाटाची ऑर्डर दिली आहे.